कव्हरेज १०० टक्के, तरी पैसे उलटे गेले

तळटीप

बराच काळ वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही. आधी किस्सा, मग प्रश्न.

दीड वर्षापूर्वी आमच्याकडे फर्मान निघालं: कव्हरेज (टेस्ट्स चालवताना कोडच्या किती ओळी प्रत्यक्ष चालल्या त्याचा टक्का) ८० टक्क्यांखाली गेलं की बिल्ड लाल, मर्ज बंद, म्हणजे नवा कोड मुख्य कोडात घालता येणार नाही. तेव्हा आम्ही चाळिशीत होतो (कव्हरेजने. वयाने मी अजून आहे). सगळे हात धुऊन टेस्ट्सच्या मागे लागलो, सहा महिन्यांत ८७ गाठलं. वरच्यांनी मेल टाकली, अभिनंदन वगैरे झालं.

मागच्या महिन्यात एका ग्राहकाने ऑर्डर दिली आणि आमच्या सिस्टीमने त्याच्याकडून पैसे घ्यायचं सोडून त्यालाच पैसे दिले. ज्या फंक्शनात घोळ झाला ते रिपोर्टमध्ये हिरवंगार. ओळी १०० टक्के, ब्रँच (म्हणजे प्रत्येक 'जर'च्या दोन्ही बाजू) १०० टक्के. फंक्शन एवढंसंच आहे. पायथनमध्ये आहे, इथे नावं मराठी केली आहेत:

सवलत(रक्कम, सभासद, कूपन):
— टक्के = ०
— जर सभासद असेल तर टक्के = १०
— जर कूपन असेल तर टक्के += कूपनचे टक्के
— परत दे: रक्कम − रक्कम × टक्के ÷ १००

टेस्ट्स दोन. पहिलीत सभासद आहे, कूपन नाही. दुसरीत सभासद नाही, कूपन २० टक्क्यांचं. दोन्हींत उत्तर नीट तपासलेलं आहे, नुसतं फंक्शन बोलावून सोडून दिलेलं नाही, हे आधीच सांगतो. मार्केटिंगवाल्यांनी कुठल्याशा मोहिमेत ९५ टक्क्यांचं कूपन काढलं, ते एका सभासदाने लावलं, १० + ९५ = १०५. रक्कम उणे. पेमेंटवाल्या कोडने उणे रक्कम म्हणजे परतावा असं समजून इमानेइतबारे पैसे पाठवले.

आता मीटिंगमध्ये विषय आहे की मर्यादा ८० वरून ९५ करावी का. मला कळत नाहीये की ज्या फाइलचं १०० होतं तिच्यात हे झालं, तर ९५ करून काय होणार? आणि मग हा आकडा ठेवायचा तरी कशाला?

---

रात्रपाळी

दोन 'जर' आले की रस्ते चार होतात. तुमच्या दोन टेस्ट्सनी दोन रस्ते चालून पाहिले, पण प्रत्येक वळण दोन्ही बाजूंनी घेतलं गेलं, म्हणून ब्रँच कव्हरेज १००. नुसत्या ओळी मोजल्या असत्या तर एकाच टेस्टमध्ये १०० झालं असतं: सभासद आहे, कूपनही आहे, संपलं. गंमत म्हणजे ती एक टेस्ट तुमच्या दोनांपेक्षा बगच्या जास्त जवळ गेली असती.

सगळे रस्ते मोजायचे म्हटलं तर एकापाठोपाठ एक असे दहा 'जर' म्हणजे १०२४ रस्ते. मध्ये एखादं लूप आलं की मोजदादच संपली. म्हणून तो मार्ग कोणी धरत नाही.

---

जुनाजाणता

रात्रपाळी यांचं गणित बरोबर, पण रोग तो नाही. समजा तळटीप यांनी तिसरी टेस्ट लिहिली असती: सभासद आणि २० टक्क्यांचं कूपन, उत्तर ३० टक्के सवलत. पास झाली असती. चारपैकी तीन रस्ते झाले, बग जागच्या जागी.

त्या फंक्शनात एक ओळ *नाही*. 'एकूण सवलत १०० च्या वर जाऊ नये' ही ओळ कोणी लिहिलीच नाही, कारण कोणी सांगितलीच नाही. कव्हरेज टूल लिहिलेल्या ओळींना हिरवा-लाल रंग देतं. न लिहिलेल्या ओळीला कुठला रंग देणार?

एरियन ५ चं पहिलं उड्डाण आठवा, ४ जून १९९६. एरियन ४ मधलं दिशादर्शनाचं सॉफ्टवेअर तसंच उचललेलं. आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबायची होती. एरियन ४ च्या मार्गावर ती संख्या कधी एवढी मोठी व्हायचीच नाही. एरियन ५ वर झाली, मुख्य आणि राखीव दोन्ही यंत्रणा पाठोपाठ बंद पडल्या, उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आतच रॉकेट गेलं. वर कडी म्हणजे तो भाग उड्डाणानंतर लागतच नव्हता, जुन्या रॉकेटच्या सोयीसाठी चालू ठेवला होता. ती ओळ काही 'न चाललेली' नव्हती. आधीच्या उड्डाणांत कितीदा तरी चालली होती. चालली नव्हती ती फक्त *त्या आकड्यासाठी*.

---

पोपटपंची

९५ करा हो. पुढच्या वेळी पैसे ९५ टक्के आत्मविश्वासाने जातील.

---

खाचखळगे

सगळे मिळून कव्हरेजला झोडताय, तर दुसरी बाजू मांडतो.

फेब्रुवारी २०१४, ॲपलचा 'गोटू फेल' बग. सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये 'गोटू फेल' (थेट 'फेल'वर उडी मार) ही ओळ चुकून दोनदा पडली. पहिली 'जर'च्या ताब्यात, दुसरी मोकाट. म्हणजे तिथे पोचलं की दरवेळी उडी, आणि खालची सही तपासणारी ओळ कायमची मेलेली. शिवाय उडी मारताना चूक-निदर्शक शून्यच, म्हणून बाहेर निरोप 'सगळं ठीक'. तो कोड कव्हरेजखाली एकदा जरी चालवला असता तरी खालच्या ओळी लालभडक दिसल्या असत्या. त्यासाठी हुशार टेस्ट लागत नाही, रिपोर्ट उघडून बघणारा माणूस लागतो.

माझ्यासाठी कव्हरेजचा उपयोग तेवढाच, पण तो मोठा आहे. मी हिरव्याकडे बघतच नाही. लाल कुठे आहे ते बघतो आणि विचारतो, हे लाल का? टक्का कळून मला काय करायचंय, मला ओळ क्रमांक हवा.

---

नवशिकी

प्रश्न बाळबोध असेल तर आधीच माफी. आमच्याकडे जावा आहे आणि कव्हरेज मोजायला जाकोको. एका ओळीत मी मुद्दाम अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा) फेकणारं फंक्शन बोलावते, टेस्टमध्ये तो अपवाद येतो, टेस्ट पास होते, तरी जाकोको ती ओळ लाल दाखवतं. रिव्ह्यूमध्ये सीनियर म्हणाले टेस्ट चुकली आहे. मी दोन दिवस शोधतेय.

---

रात्रपाळी

नवशिकी, टेस्ट बरोबर आहे, सीनियरना हा प्रतिसाद दाखवा.

जाकोको प्रत्येक ओळीवर पहारेकरी बसवत नाही, परवडणार नाही. ते बाइटकोडमध्ये (जावा कोडचं यंत्रासाठी केलेलं रूप) मोक्याच्या जागी थोडे खुंट ठोकतं आणि खुंटाला धक्का लागला की 'इथपर्यंतचं सगळं चाललं' असं मानतं. तुमच्या ओळीत अपवाद उडाला, पुढच्या खुंटापर्यंत गाडी पोचलीच नाही, म्हणून ती ओळ न चाललेली धरली. ही त्याची माहीत असलेली मर्यादा आहे.

ओघाने आलंच आहे तर तळटीप यांच्यासाठी: पायथनच्या कव्हरेज टूलमध्ये ब्रँच मोजणी आपणहून चालू नसते, सांगावी लागते. तुम्ही सांगितली आहे, चांगलं आहे. पण ती एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाणाऱ्या उड्या मोजते. एकाच ओळीत 'अमुक असेल तर हे नाहीतर ते' लिहिलं, किंवा अटीत चार 'आणि-किंवा' घातले, तर आतली वळणं तिला दिसत नाहीत. जाकोको बाइटकोड बघतं, तिथे प्रत्येक 'आणि-किंवा'ची उडी वेगळी मोजली जाते. म्हणून दोन भाषांतल्या टीमचे टक्के शेजारी लावून तुलना करणारा तक्ता कोणी बनवला असेल तर तो फाडा.

---

नवशिकी

दंडवत! दाखवला. सीनियर 'हम्म' म्हणाले.

---

धावपट्टी

विमानात बसणाऱ्या सॉफ्टवेअरवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून थोडं लांबण लावतो.

आमच्याकडे डीओ-१७८सी नावाचं मानक चालतं, २०११ सालचं, त्याआधीचं 'बी' १९९२ चं. सॉफ्टवेअर बिघडलं तर विमानाचं काय होईल यावर पातळी ठरते. 'सी' पातळीला प्रत्येक विधान चाललं पाहिजे. 'बी'ला वर प्रत्येक निर्णय दोन्ही बाजूंनी. 'ए'ला, म्हणजे जिथे चूक झाली तर विमानच पडू शकतं तिथे, एमसीडीसी: अटीतल्या प्रत्येक घटकाने एकट्याच्या जिवावर निकाल फिरवून दाखवला पाहिजे.

उदाहरण घ्या. अट अशी: 'क आणि (ख किंवा ग)'. सगळ्या जोड्या आठ. एमसीडीसीला चार पुरतात:

क हो, ख हो, ग नाही → हो
क नाही, ख हो, ग नाही → नाही
क हो, ख नाही, ग नाही → नाही
क हो, ख नाही, ग हो → हो

पहिली-दुसरी शेजारी ठेवा, फक्त क बदलला आणि निकाल फिरला. पहिली-तिसरीत फक्त ख. तिसरी-चौथीत फक्त ग. घटक तीन तर टेस्ट्स चार, दहा तर निदान अकरा. १०२४ च्या मानाने हे फार स्वस्त आहे.

पण खरा मुद्दा पुढे आहे. आमच्याकडे कव्हरेज वाढवण्यासाठी टेस्ट लिहिणं हा प्रकारच बसत नाही. टेस्ट लिहायची ती आवश्यकतेच्या कागदावरून, कोडकडे न बघता. सगळ्या झाल्या की मग कव्हरेज मोजायचं. लाल ओळ सापडली की चौकशी: टेस्ट लिहायची राहिली का? की आवश्यकताच लिहायची राहिली आणि प्रोग्रामरने मनाने काहीतरी घातलंय? की हा मेलेला कोड आहे, जो काढून टाकायला हवा? की या रचनेत मुद्दाम बंद ठेवलेला आहे? प्रत्येक लाल ओळीचं लेखी उत्तर द्यावं लागतं. ओळ हिरवी करायला एक टेस्ट ठोकून दिली तर त्या चौकशीचा जीवच गेला.

तळटीप, तुमच्या ८० च्या फर्मानाने नेमकं उलटं झालं. लोकांनी लाल ओळ बघितली आणि ती हिरवी करणारी टेस्ट लिहिली. कोड काय करतो तेच टेस्टमध्ये उतरवलं. चूक असेल तर चूकही उतरली.

---

पोपटपंची

म्हणजे कॉपी करून पास, आणि पेपर काढणाराही तोच.

---

खाचखळगे

धावपट्टी यांच्या प्रतिसादाला +१. वाचनखूण साठवली आहे.

पण हे सगळं विमानापुरतंच आहे असं कोणी समजू नये. एसक्यूलाइट हा तुमच्या-आमच्या फोनमधला डेटाबेस, त्याच्या गाभ्याला पूर्ण एमसीडीसी आहे. टेस्टचा कोड मूळ कोडच्या सुमारे ५९० पट. आणि तरी त्याच मंडळींनी प्रांजळपणे लिहून ठेवलंय की पूर्ण कव्हरेज आणि फझिंग (प्रोग्रामवर वेडावाकडा इनपुट मारत राहणं) यांचं आपसात जमत नाही. कारण सरळ आहे: १०० टक्के हवं तर 'असं कधी होणारच नाही, तरी तपासू' ही बचावाची अट नकोशी होते, तिची दुसरी बाजू कुठल्याच टेस्टने चालत नाही. फझर मात्र बरोबर त्याच 'कधी होणारच नाही' वाल्या फटीत बोट घालतो.

म्हणजे आकड्याच्या हट्टापायी लोक सुरक्षेची अट *काढून* टाकू शकतात. मी हे आमच्याकडे प्रत्यक्ष पाहिलंय. पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मंजुरीला पाठवतात त्यात) लिहिलं होतं: 'न लागणारी तपासणी काढली, कव्हरेज सुधारलं.'

---

अर्धविराम

कोणीच अजून म्यूटेशन टेस्टिंगचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. कल्पना जुनी आहे, १९७१ मध्ये रिचर्ड लिप्टन यांनी विद्यार्थी असताना मांडलेली, १९७८ च्या शोधनिबंधाने रुळलेली. संगणक तेव्हा पुरे पडत नव्हते, आता पडतात.

टूल तुमच्या कोडमध्ये मुद्दाम एक बारीक चूक करतं. अधिकचं उणे, '>' चं '>=', १० चे ११. मग टेस्ट्स चालवतं. एखादी तरी फेल झाली तर तो म्यूटंट मेला, ठीक. सगळ्या पास झाल्या तर म्यूटंट जगला, म्हणजे कोड बिघडवला तरी तुमच्या टेस्ट्सना पत्ता नाही. कव्हरेज विचारतं 'ही ओळ चालली का', हे विचारतं 'ही ओळ बिघडली तर कोणी ओरडेल का'. उत्तरच न तपासणाऱ्या टेस्ट्स इथे लगेच उघड्या पडतात. (तुमच्यात त्या नाहीत म्हणता. ८७ पर्यंत सहा महिन्यांत पोचलात म्हणता. बघा बुवा.)

जावाला पिट, जावास्क्रिप्टला स्ट्रायकर, पायथनला म्यूटमट. त्रास दोन. एक वेळ: हजारो म्यूटंट, प्रत्येकासाठी टेस्ट्स पुन्हा. पिट इथे कव्हरेजचाच आधार घेतं, बिघडवलेल्या ओळीवरून ज्या टेस्ट्स जातात तेवढ्याच चालवतं. दुसरा त्रास म्हणजे काही म्यूटंट मारताच येत नाहीत, बदल होऊनही वागणूक तीच राहते. ते हाताने वेगळे काढावे लागतात, त्यात जीव जातो. म्हणून अख्ख्या प्रकल्पावर नको, पैशांशी संबंधित चार फाइलींवर चालवा.

---

रात्रपाळी

९५ च्या मीटिंगसाठी तळटीप यांना एक दारूगोळा. २०१४ मध्ये वॉटर्लू विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी पाच मोठ्या जावा प्रकल्पांसाठी ३१ हजार टेस्ट संच बनवून पाहिलं होतं की कव्हरेज जास्त असलं की चुका जास्त सापडतात का. वरवर पाहता हो. पण संचातल्या टेस्ट्सची संख्या सारखी ठेवून पाहिलं तर हा संबंध बराच सैल पडला. त्यांचं म्हणणं साधारण धावपट्टी यांच्यासारखंच: कमी चाचणी झालेले भाग शोधायला वापरा, दर्जाचं उद्दिष्ट म्हणून नको.

---

जुनाजाणता

म्यूटेशन चांगलंच आहे, पण पुन्हा तेच सांगतो: तेही *असलेल्या* कोडला बिघडवतं. नसलेल्या ओळीला काय बिघडवणार?

तुमच्या प्रकरणाला माझं औषध वेगळं. उदाहरणं लिहू नका, नियम लिहा. 'उत्तर शून्यापेक्षा कमी नको आणि मूळ रकमेपेक्षा जास्त नको.' बस. आकडे मशीनला शोधू द्या. हॅस्केल भाषेत २००० च्या सुमारास क्विकचेक आलं ते हेच करायला, पायथनमध्ये हायपोथेसिस आहे. नियम मोडला तर ते सापडलेलं उदाहरण घासून घासून सगळ्यात लहान करून देतं. करून बघा आणि इथे सांगा.

---

तळटीप

चार दिवसांनी येतोय. सगळ्यांचे आभार, दोन्ही करून पाहिलं. जुनं फंक्शन जसंच्या तसं ठेवून.

आधी म्यूटमट. त्या फाइलमध्ये बहुतेक म्यूटंट मेले. अर्धविराम, तुमची शंका बाकीच्या फाइलींबाबत खरी निघाली, त्याबद्दल नंतर, लाज वाटतेय. पण सवलतीच्या फंक्शनात एक जगला आणि तो बघून मी खुर्चीत मागे टेकलो. त्याने 'टक्के += कूपनचे टक्के' मधलं अधिकचं चिन्ह खाल्लं होतं. 'टक्के = कूपनचे टक्के'. तरी दोन्ही टेस्ट्स पास! कारण कूपनच्या टेस्टमध्ये टक्के आधी शून्यच, शून्यात २० मिळवले काय किंवा सरळ २० ठेवले काय, सारखंच. म्हणजे दोन सवलतींची बेरीज होते हे आमच्या एकाही टेस्टला माहीत नव्हतं. मशीनने बोट बरोबर त्याच ओळीवर ठेवलं.

पण जुनाजाणता म्हणतात तेही खरं. तो म्यूटंट मारायला मी सभासद + २० ची टेस्ट लिहिली, ३० आलं, म्यूटंट मेला, बग जिवंत.

मग हायपोथेसिस. नियम तोच, ० ते मूळ रक्कम. कूपनचे टक्के ० ते १०० दिले. एका झटक्यात उत्तर: रक्कम १, सभासद हो, कूपन ९१. यापेक्षा लहान उदाहरण असूच शकत नाही, मी कागदावर करून पाहिलं.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर '० ते १००' लिहिण्यात. टाइप करताना प्रश्न पडला, कूपन ० टक्क्यांचं असतं का? १०० चं चालतं का? उणे? तीन जणांना विचारलं, तीन उत्तरं आली. शेवटी मार्केटिंगच्या बाईंनी विचारलं, 'पण सभासदाला दोन्ही सवलती एकत्र मिळाव्यात असं कोणी सांगितलं होतं?' कोणीच नाही. तो 'जर'च्या जागी 'नाहीतर जर' असायला हवा होता.

---

धावपट्टी

बघा, आवश्यकताच लिहायची राहिली होती.

---

जुनाजाणता

म्हणजे मी सुचवलेली '१०० च्या वर नको' ही ओळही चुकीचीच होती. मान्य.

---

अर्धविराम

आणि त्या म्यूटंटचं काय ते बघा. दोन सवलती एकत्र द्यायच्याच नाहीत तर 'टक्के = कूपनचे टक्के' हा तुमच्या मूळ कोडपेक्षा जास्त बरोबर होता.

बाकीच्या फाइलींचं सांगा आता.

---

तळटीप

सांगतो. रिपोर्ट बनवणाऱ्या मॉड्यूलच्या टेस्ट्स सगळं चालवतात आणि शेवटी 'उत्तर रिकामं नाही' एवढंच तपासतात. तिथे जवळपास सगळे म्यूटंट मजेत आहेत. लिहिणाऱ्याचं नाव बघायला गिट (कोडमधल्या बदलांची नोंदवही) उघडलं तर माझंच.

मीटिंगमध्ये ९५ टळलं. ८० गेलं नाही, वरच्या मंडळींना तक्त्यात आकडा हवाच आहे. पण बिल्ड आता एकूण टक्क्यावर लाल होत नाही. त्या बदलात नवीन लिहिलेली किंवा हात लावलेली ओळ न चाललेली असेल तर रिव्ह्यूमध्ये खूण येते आणि लेखकाने कारण लिहायचं. 'ही बचावाची अट आहे' हेही कारण चालतं. म्यूटमट फक्त पेमेंटच्या फोल्डरवर, रात्री.

---

नवशिकी

मस्त धागा. एक राहिलं, त्या ग्राहकाला गेलेले पैसे परत मागितले का?

---

तळटीप

मागायची वेळच आली नाही. बग कळवला तो त्यानेच. विषय होता: 'मी तुम्हाला पैसे कसे देऊ?'